सात मजल्यांपुरतं नवल

आमचा दादा लिफ्टमन होता. सात मजल्यांची कचेरी, लिफ्टमध्ये एक स्टूल, आणि स्टुलावर दादा. दार उघड, दार लाव, बटण दाब. दुसरा कुणी असता तर वेडा झाला असता! पण दादाने त्यावर तोड काढली होती. कामावर जाता जाता तो वाचनालयात डोकवायचा, पेपर आणि मासिकं चाळून काहीतरी नवलाचं उचलायचा आणि दिवसभर लिफ्टमधल्या लोकांना ते सांगायचा. तेही मजला बघून. दुसऱ्या मजल्यावर उतरणाऱ्याला एका वाक्यात आटोपायचं, सातव्यावाल्याला जरा ऐसपैस.

मी शिवणकाम करते. बाह्या आखूड कर, चेन बदल, असली कामं. त्याच कचेरीतल्या एका साहेबांच्या पँटी द्यायला कधी गेले, की मलाही दादाचं ज्ञान मिळायचं. एकदा म्हणाला, "सापाला पापण्याच नसतात, ठाऊक आहे? झोपला तरी डोळे उघडेच."

"म्हणजे आमच्या सासूबाईच की!" मी म्हटलं.

दादा इतका हसला की पाचवा मजला निघून गेला. बाकीचे लोक मात्र "असं का?" म्हणायचे आणि दार उघडलं की चालू पडायचे. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, त्यांना कामं होती.

लोकांचं बोलणंही त्याच्या कानावर पडायचं, पण तेही तुटकच. एकदा एक बाई मैत्रिणीला सांगत होती, "बाबांचं काही खरं नाही, डॉक्टर म्हणाले, आता फक्त..." आणि चौथा मजला आला. आता फक्त काय? दादाला रात्रभर चैन पडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने धीर करून विचारलं, "बाई, वडील बरे आहेत ना?" तर ती बाई कडाडली, "तुम्ही आमचं बोलणं ऐकत असता का हो?" अगं बये, एवढ्याशा डब्यात माणसाने कान काय खिशात ठेवायचे? मी असते तर चांगलं सुनावलं असतं. दादा "चुकलं" म्हणाला आणि त्यानंतर त्याने कुणालाच काही विचारलं नाही.

मग आपली आपण चालणारी लिफ्ट आली आणि दादा निवृत्त झाला. त्याचं लग्न जमता जमता राहिलेलं, नवरा आणि सासूबाई गेल्यापासून मीही एकटीच. भाड्याच्या खोलीत हा एकटा पडून राहील म्हणून मी त्याला ओढून माझ्याकडे आणलं. वाटलं होतं, आता दिवसभर याची बडबड ऐकून माझे कान किटतील. कसलं काय! दादा खाटेवर भिंतीला टेकून बसायचा. चहा दिला की प्यायचा, जेवायला हाक मारली की यायचा. पुढ्यात पेपर टाकला तर घडीसुद्धा मोडायचा नाही. "काय नवीन, दादा?" म्हटलं की, "काही नाही." मला खरंच भीती वाटायला लागली. माणूस असा आतल्या आत मिटत गेला तर टिकणार किती दिवस? याला बोलतं करायचंच, असं मी मनाशी ठरवलं.

एका दुपारी वीज गेली आणि माझं मशीन बंद पडलं. मी उठून सरळ त्याच्या खाटेवर जाऊन बसले. "सांग काहीतरी. वाचलेलं, ऐकलेलं, काहीही. त्याशिवाय मी हलत नाही, सांगून ठेवते."

दादाने माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

"एका जातीची पाकोळी असते. घरटं सोडलं की दहा दहा महिने हवेतच. खाणं हवेत, पिणं हवेत. झोपसुद्धा उडता उडता."

एवढं बोलून तो थांबला आणि दाराकडे बघायला लागला. मी काही उठले नाही.

"मग पुढे?"

"पुढे काय?"

"अरे, दहा महिन्यांनी उतरते ना? का उतरते? दमते? की कुणाची आठवण येते तिला?"

दादा गोंधळला. "ते... ते नाही वाचलं मी."

"म्हणजे? अर्धवट वाचून सोडलंस?" माझा आवाज चढलाच.

"नेहमी एवढंच वाचायचो," तो म्हणाला. "सातव्या मजल्यापर्यंत पुरेल एवढं. जास्त वाचून सांगू कुणाला? पुढे काय, असं आजवर मला कुणी विचारलंच नाही गं."

जन्मभर माणसांच्या गर्दीत बसून माझा भाऊ इतका एकटा होता.

तो उठला, चप्पल शोधायला लागला.

"आता कुठे निघालास?"

"वाचनालयात. बंद व्हायच्या आत पोचतो."

"अरे, ऊन केवढं आहे! उद्या जा की सावकाश."

"उद्यापर्यंत तू विसरशील," दादा म्हणाला.

"नाही रे विसरणार."

त्याला ते खरं वाटलं नाही. तो घाईघाईने जिना उतरून गेला.