खडूची रेघ आणि लाखेचा टायर

ज्याला मी आयुष्यात एकदाच रडताना पाहिलं, तेही एका फाटलेल्या ट्यूबसाठी, तो हिरामण आज सकाळी गेला.

वरठीला स्टेशनरोडवर टायर-पंक्चरचं दुकान होतं ना, तोच.

मोहाडीच्या शाळेत आम्ही एका बाकावर. मला सगळ्या कविता पाठ, त्याला एकही नाही. त्याला उभं केलं की मी खालून ओळी पुरवायचो.
पुढे मी मास्तर झालो, तो मिस्त्री.

आपल्याकडे भात निघालं की मोकळ्या बांधीत, म्हणजे रिकाम्या शेतात, शंकरपट भरतो. बैलजोड्या सुटतात, सरळ, नाकासमोर.
सत्तरचं दशक सरता सरता एक नवं खूळ निघालं. बैल संपले की त्याच वाटेवर दोन-दोन फटफट्या सोडायच्या. वळण नाही, ब्रेक नाही. आधी पोचला तो जिंकला.

एका वर्षी हिरामणही उतरला. झेंडी पडली, त्याने क्लच सोडला, आणि दहा हात गेला नाही तोच मागचं चाक बसलं. गाडी आडवी. कॉलरबोन मोडलं.

चाक खोललं, तर ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून उपटलेला.

हाड मोडलं तेव्हा तो रडला नाही. गर्दीतून जवळच्या कारखान्याचा, प्लांटचा, एक कामगार बोलला, तेव्हा ती ट्यूब हातात धरून रडला.
"ज्याले सोताचा टायर बसवता येत नाई, तो आपला काय बसवन गा?"

दुकान ओस पडायला लागलं. प्लांटवर जाणारे पुढच्या चौकातल्या दुकानात थांबू लागले.

लोक म्हणाले, ट्यूब कच्ची होती.
"नवी होती, मास्तर. हे दुसरंच काई हाय. ते सापडल्याबिगर मी पटावर पाय ठेवत नाई, अन् दुकानबी सोडत नाई."

हाड जुळलं, तशी दर रविवारी सकाळी शाळेमागच्या मातीच्या रस्त्यावर फटफटी सुरू झाली. स्टार्ट, झटका, थांबा. पुन्हा स्टार्ट.

माझ्या खिशात तेव्हा कायम खडू. एका रविवारी मी मागच्या चाकावर, रिमपासून टायरपर्यंत एक सरळ रेघ ओढली. म्हटलं, "जाऊन ये."

परत आला तर रेघ तुटलेली. रिमवरचा तुकडा पुढे, टायरवरचा चार बोटं मागे.

हिरामण उकिडवा बसून बघतच राहिला.
"रिम फिरून राहिला, मास्तर, अन् टायर मागंच राहून राहिला. ट्यूब बिचारी दोघांच्या मधात, म्हून वॉल्व्ह उपटला."

चूक आमच्या इकडचीच. टायर झटकन चढावा म्हणून त्याच्या कडांना मोहाच्या बियांचं तेल चोपडायचं. सगळेच चोपडत. रोजच्या गाडीला चालून जायचं. पटावरच्या झटक्याला तेच तेल घसरगुंडी व्हायचं.

"हवा वाढव ना," मी शहाणपणा केला.
"हवा वाढवली तं चाक जाग्यावरच गरगर फिरते. मातीत ग्रिप पायजे तं हवा कमीच पायजे. तू कविता शिकव, बे."

त्याने तेल बंद केलं, रिम राखेने घासला. रेघ दोन बोटं सरकली.
कानस घेऊन रिमची आतली कड खरखरीत केली. एक बोट.
ते एक बोट काही केल्या जाईना. पट आठ दिवसांवर आला.

सुभद्रावहिनी, त्याची बायको, ओट्यावर तांदूळ निवडत हे सगळं बघत होती.
"विळ्याची मूठ ढिल्ली झाली तं काय घालता तुमी?"
"लाख."
"मंग?"

मी हसलो. हिरामण हसला नाही. तो उठला आणि बाजारात गेला.

सुताराच्या पॉलिशसारखी लाख स्पिरिटमध्ये विरघळवली. रिमच्या आतल्या कडेला ब्रशने लावली, टायर चढवला, गच्च हवा भरली. दोन दिवस चाकाला कुणाला हात लावू दिला नाही. मग हवा उतरवली.

पटाच्या दिवशी रेघ मीच ओढली. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, पण एवढी महत्त्वाची ओळ कधी लिहिली नाही.

"मास्तर, एखादी कविता म्हण."
"कोणती?"
"कोणतीबी. मले कुठं येते."

झेंडी पडली.

तो हरला. तुमसरकडचा एक जण अर्ध्या चाकाने पुढे निघाला.

हिरामणने तिकडे पाहिलंही नाही. गाडी लावली आणि मागच्या चाकाजवळ बसला.
रेघ सरळ होती.

गर्दीत तो कामगार होता. हिरामणने त्याला बोलावलं. "या भाऊ, बोट लावून पाहा. तेल नाई, लाख हाय."
त्याने बोट फिरवलं, रिमपासून टायरपर्यंत. बोटाला लागलेला खडू पँटला पुसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तोच कामगार आपलं चाक घेऊन दुकानात हजर.
"तेल नोको लावजो," एवढंच म्हणाला.

तो लाखेचा टायर मात्र पुढे रिमवरून निघेचना. करवतीने कापावा लागला. वहिनी म्हणाली, "आता मले बोलू नोका."

तेव्हापासून दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक चाकावर खडूची रेघ असायची. खडू माझ्याकडून. मी रिटायर झालो तरी विकत घेऊन देत राहिलो.

आज त्याला न्यायला गाडी आली. माणसं आत चढत होती. मी मागच्या चाकाजवळ वाकलो आणि एक रेघ ओढली. कुणी विचारलं नाही.

कारध्याला नदीच्या घाटावर उतरलो, पुन्हा वाकून पाहिलं.

सरळ आहे, हिरामण. एक बोटही नाही.

तुला तुझ्या बाकावरच्या मास्तराचा भरल्या मनाने शेवटचा नमस्कार.