फेट्याचा रकाना

"थांबा ताई, आभाळ आठवू द्या."

वर्षाची मिळकत विचारली की चाचा एवढंच म्हणायचे. मग डोळे मिटायचे, मान मागं टाकायचे आणि माझ्या दुकानाच्या पत्र्याकडं तोंड करून बसून राहायचे. मी आपली कीबोर्डवर बोटं ठेवून वाट बघायची. आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीत, माझं आयकराचे रिटर्न भरून देण्याचं दुकान आहे. तिथं नाना तऱ्हेचे लोक येतात, पण कमाई आभाळात शोधणारा माणूस मी हा एकच पाहिला. तुम्हीही पाहिला नसेल.

चाचा तेरखेड्याचे. वर्षातले काही महिने फटाक्यांच्या कारखान्यात रोजानं जायचे आणि उरलेल्या दिवसांत गावोगावच्या जत्रांना, उरुसांना शोभेचं दारूकाम करायचे. कुणाचे नोकर नाहीत, कुणाचे मालक नाहीत. असा माणूस सहसा रिटर्न भरायला येत नाही. चाचा आले, कारण त्यांची एकुलती एक लेक इंग्लंडात नर्स होती, तिला मुलगी झाली होती, आणि सोलापूरच्या एजंटानं व्हिसासाठी तीन वर्षांचे रिटर्न मागितले होते.

"तीन साल म्हंजे पोरगी चालायला लागंल की," ते पहिल्या वर्षी म्हणाले. मी म्हटलं, "चालेल, पण तुमच्याकडंच चालत येईल." यावर ते इतके हसले की बाहेरच्या चहावाल्यानं आत डोकावून पाहिलं.

आभाळ आठवलं की ते सांगायला लागायचे. "येरमाळ्याला दारूचं हिरवं झाड सोडलं. निम्म्यात वारं आलं अन् झाड वाकलं, पर विझलं न्हाय. त्याचे लिहा." मग परंड्याकडचा एक उरूस, तिथले पांढरे भुईनळे. मग कुठलंसं चक्र, जे फिरता फिरता जांभळं झालं. जुलैची दुपार असायची, वीज गेलेली असायची, आणि खरं सांगते, मला त्या पत्र्याखाली हिरवा उजेड पडल्यासारखा वाटायचा. आकडा सांगायचे ते सगळ्यात शेवटी, आणि तोही हळू आवाजात.

ओटीपी हा आमचा दुसरा सोहळा. चाचांचा फोन कधीच खिशात नसायचा. "बारूदच्या माणसानं खिशात बॅटरी ठेवायची न्हाय," असं म्हणायचे. काम असो नसो, फोन घरी ज्वारीच्या कणगीत. म्हणजे रिटर्न वाशीत आणि ओटीपी तेरखेड्याला ज्वारीत! मी त्याच नंबरावर फोन लावायची. बऱ्याच वेळानं चाची उचलायच्या, आधी फोनवरची ज्वारी झटकायच्या, मग माझी, माझ्या पोरांची, पावसापाण्याची चौकशी करायच्या. आकडे वाचेपर्यंत वेळ संपलेली असायची. पुन्हा पाठवा. चाचा समोर बसून गालातल्या गालात हसायचे. "घाई करू नगा. ती मला पण असंच उत्तर देती."

भांडण मात्र दरवर्षी एकाच गोष्टीवरून. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेचं काम चाचा पैसे न घेता करायचे. त्यांच्या वडलांपासूनची रीत होती. झाड पेटवायचं आणि मानाचा फेटा बांधून घ्यायचा. तो फेटा ते पिशवीतून आणून माझ्या टेबलावर ठेवायचे.

"हे लिहा."

"चाचा, फेट्याला रकाना नाही."

"मिळालाय की मला. मिळालेलं सांगायचं म्हन्ता ना तुमी?"

मी कपाळाला हात लावायची. ते फेटा उचलून, घडी नीट करून, परत पिशवीत ठेवायचे.

तिसऱ्या वर्षी मला काळजी वाटू लागली. त्यांची मिळकत एवढीशी, तेवढ्यावर व्हिसा नाकारला तर काय करायचं? नात तोवर बोलायला लागली होती. मी म्हटलं, "चाचा, मिळकत थोडी वाढवून दाखवू या. थोडा कर बसेल, पण कागदाला वजन येईल."

चाचांनी डोळे मिटले. मला वाटलं, आभाळ आठवतायत. पण ते लगेच उघडून म्हणाले, "जे झाड पेटलंच न्हाय, ते पेटलं म्हनून कसं सांगू ताई? अन् पेटलेलं तुमी लिहून घेत न्हाय."

मला राग आला. एवढ्या हट्टापायी हा माणूस नातीला मुकणार, असं वाटलं. शेवटी मी खरी मिळकतच भरली आणि पुढचा आठवडाभर येईल त्याच्यावर खेकसत राहिले.

व्हिसा आला. दोघं गेले. जत्रेच्या आधी परतले, कारण अणदूर चुकवायचं नव्हतं. दुकानात आले ते नातीसाठी घेतलेल्या टोपीसारखीच एक टोपी स्वतः घालून. "ओळखलं का तिनं?" मी विचारलं. म्हणाले, "आधी न्हाय. मग तिला डोळे मिटायला शिकवलं. हिरवं झाड दाखवलं. मग मांडीवरनं उतरंना." त्या दिवशी मी त्यांच्याकडून काही भरून घेतलं नाही, त्यांनीही काही विचारलं नाही.

या उन्हाळ्यात चाचा झोपेतच गेले.

वर्ष मार्चलाच संपलं होतं, रिटर्न राहिला होता. माणूस गेल्यावर तो वारसानं भरायचा असतो. मी चाचींना सांगितलं की कर बसत नाही, नाही भरला तरी चालेल. त्या म्हणाल्या, "अधुरं नको." वारस म्हणून त्यांची नोंद झाली तेव्हा त्या दुकानात आल्या आणि चाचांच्याच खुर्चीवर बसल्या. फोन या वेळी हातात होता.

मी सवयीनं विचारलं, "मिळकत?" विचारल्यावर जीभ चावली. पण चाचींनी डोळे मिटले आणि मान मागं टाकली.

"समदं बोलायचे माझ्यापाशी," त्या म्हणाल्या, आणि येरमाळ्यापासून सुरुवात केली.

शेवटी त्यांनी पिशवीतून फेटा काढला. अणदूरचा, गेल्या जत्रेचा. "दरसाल परत आणायचे. म्हनायचे, ताईनं न्हाय लिहिला."

मी करमुक्त उत्पन्नाचं पान उघडलं. तिथं 'इतर' म्हणून एक जागा असते. तीत लिहिलं: मानाचा फेटा, अणदूर. रक्कम एक रुपया. चाचींच्या फोनवर ओटीपी आला. त्यांनी एकेक आकडा वाचला, आणि वेळ संपली नाही.

निघताना फेटा टेबलावरच राहिला. मी हाक मारून परत देऊ लागले, तर त्यांनी तो माझ्याकडं सरकवला. "ठेवा. कुणी इचारलं तर पुरावा लागंल की."

फेटा माझ्या कपाटात आहे. अजून कुणी विचारलेलं नाही. एकदा तरी कुणी विचारावं, असं मला फार वाटतं.