जगदीशरावांची न चाललेली गाडी

जगदीशराव मयेकर म्हणजे दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस. मूळचे मालवणचे. उभी नोकरी हवाई दलात विमानांच्या देखभालीत गेली आणि निवृत्तीनंतर लखनौलाच वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत फ्लॅट घेऊन राहिले. विमानाला हात लावताना हा माणूस कधी डगमगला नाही, पण रस्त्यावरच्या ट्रकची त्यांना भारी धास्ती. निवृत्तीच्या वर्षी लष्करी कँटीनमधून हौसेने मोटरसायकल घेतली आणि चालवली किती, तर रविवारी देवळापर्यंत आणि परत. बारा-चौदा वर्षं झाली तरी गाडी अशी, की शोरूमवाल्याने परत मागावी.

दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मालवणी माणूस तो, टायरपासून पाइपांपर्यंत दिसेल त्या रबराला खोबरेल चोळायचा. रबर कसं काळंभोर चमकायचं! बायको लतिका म्हणायची, माझ्या डोक्याला तेल हवं का, हे कधी विचारलं नाहीत.

मग त्यांच्या मुलीला, श्रुतीला, चिनहटच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तिने गाडी मागितली. पोर लखनौत वाढलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. पापा, खडी-खडी सड जाएगी, म्हणाली. वृंदावन योजना कुठे, चिनहट कुठे, आणि मध्ये तो शहीद पथ, ट्रकांनी भरलेला! जगदीशरावांना चार दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी अट घातली, की जुने झालेले भाग बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

मग महिनाभर खालच्या पार्किंगमध्ये स्वतः बसून त्यांनी टायर बदलले, बॅटरी, चेन, क्लचची केबल, ब्रेकचे पॅड, पेट्रोलची नळी, सगळं बदललं. पुढच्या ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणारा रबरी पाइप मात्र हातात धरून पाहिला आणि सोडून दिला. चांगला चमकत होता. गाडी चालली तरी किती होती? नव्यासारखा तर आहे, असं मनाशी म्हणाले आणि हात धुतले.

श्रुती गाडीवरून जायला लागली. रोज सकाळी जगदीशराव फाटकात उभे राहायचे आणि ती वळणाआड जाईपर्यंत पुटपुटायचे, सांभाळ गं, सांभाळ.

असे काही आठवडे गेले. एका सकाळी ती निघून गेल्यावर ते आंघोळ करून आले, तळहातावर खोबरेल घेतलं आणि डोक्याला चोळताना आरशात पाहिलं. पांढरे केस तेलाने चकचकीत दिसत होते. हात तिथेच थांबला. पाइपाची ती चमक रबराची नव्हतीच मुळी, तेलाची होती! आणि तेल तर रबराचा वैरी. विमान उडो न उडो, रबरी नळी मुदत संपली की फेकायची, हे ज्याने हाताखालच्यांना वर्षानुवर्षं दरडावून सांगितलं, त्यानेच घरच्या गाडीचा पाइप किलोमीटर बघून ठेवला होता. अक्कल कुठे गहाण टाकली होती, कोण जाणे.

फोन लावला. ती उचलेना. गाडी चालवताना उचलू नकोस, हे तरी कोणी शिकवलं होतं? त्यांनीच. लतिकाबाईंना काही न सांगता ते चपला अडकवून धावले आणि ऑटो पकडली. भैया, जल्दी, एवढंच तोंडातून निघालं. शहीद पथावर कडेला घोळका दिसला. ऑटो थांबवून ते गर्दीत घुसले. नुसता ट्रकचा टायर फुटला होता, आणि लोक ड्रायव्हरला सल्ले देत उभे होते. पुन्हा ऑटोत बसले. चिनहटला कारखान्याच्या फाटकाशी पोचले, तर ओळीने लावलेल्या गाड्यांत त्यांची गाडी नव्हती. रामरक्षा म्हणायला गेले, तर शब्दच आठवेनात.

एवढ्यात एक ई-रिक्षा येऊन थांबली आणि हातात हेल्मेट घेतलेली श्रुती खाली उतरली. बापाला पाहून तिचा चेहरा पडला.

"गाडी कुठाय?" जगदीशरावांनी कसंबसं विचारलं.

"रोज़ तेलीबाग में छोड़ती हूँ, घर के पास, मेडिकल स्टोरवाले भैया के यहाँ. आगे बस और ई-रिक्शा से आती हूँ," ती म्हणाली. मग मान खाली घालून मराठीत आली. "पहिल्याच दिवशी एक ट्रक बाजूने गेला, पापा, आणि हात सुन्न झाले. डोक्यात तुमचाच आवाज येत होता, सांभाळ, सांभाळ. तुम्ही एवढी मेहनत केली होती, सांगू कशी?"

पोर धडधाकट समोर होती. जगदीशरावांना तिथेच देवाला हात जोडावेसे वाटले. मग मात्र त्यांना फार वाईट वाटलं. जन्मभराची आपली भीती आपणच हिच्या ताटात वाढली.

ब्रेकचा पाइप बदलायचा राहिलाय, एवढंच तिला सांगून गाडी त्यांनी तेलीबागहून ढकलत घरी आणली. नवा पाइप घेऊन आले, जुना काढला आणि बोटांत वाकवून पाहिला. चाकाजवळच्या वळणावर तो कडकन उकलला. चिरा आतल्या धाग्यांच्या विणीपर्यंत गेल्या होत्या आणि त्यांतून ब्रेकचं तेल पाझरलेलं होतं. जोराने दाबलेला एखादा ब्रेक, बस्स! पोरगी भ्याली म्हणून वाचली होती. जगदीशराव फरशीवरच बसले आणि हुंदका आवरेना. लतिकाला सांगावं का? तिने ऐकलं तर किंकाळी फोडेल, आणि श्रुतीने ऐकलं तर ती जन्मात गाडीला हात लावणार नाही. पाइप वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकला.

रविवारी सकाळी त्यांनी श्रुतीच्या हातात किल्ली दिली. आज तू चालव, मी मागे बसतो, म्हणाले. तिने किल्ली घेतली आणि वाकून पुढच्या चाकाजवळचा नवा पाइप पाहिला.

"पुराना पाइप कैसा निकला, पापा?"

"ठणठणीत होता गं. उगाच बदलला."

तिने हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि शहीद पथाकडे वळवली. शेजारून पहिला ट्रक गेला तेव्हा मागे बसलेल्या जगदीशरावांच्या ओठांवर 'सांभाळ' आलं होतं, पण त्यांनी ते गिळून टाकलं.