संदर्भसूचीत नसलेली मावशी

नव्या पुस्तकाच्या बांधणीतल्या खळीचा वास आला की माझा प्रबंध आठवतो. त्यातल्या येशूजन्माच्या ओव्या राहुरीजवळच्या माझ्या मावशीने चर्चच्या ओट्यावर बसून सांगितल्या होत्या. मार्गदर्शक म्हणाले, "नात्यातल्या बाईचा संदर्भ टिकत नाही, छापील पुस्तक द्या." मी तिचं नाव काढून एका संग्रहाचं घातलं. प्रबंध हाती येताच तिने शेवटच्या यादीवरून बोट फिरवलं. "एवढ्या मान्सांत मी कुठं हाय रं?" "पुढच्या आवृत्तीत घालतो." "लवकर काढ, मी काय थांबायची न्हाई," ती हसली. प्रबंधाला पुढची आवृत्ती नसते, हे तिला ठाऊक नव्हतं. परवा तिच्या मातीला जाऊन आल्यावर मी माझ्या प्रतीत तिचं नाव पेनाने लिहिलं. विद्यापीठातली प्रत तशीच आहे.