कोळ्याची कंबर

आफ्रिकेतल्या लोककथा मराठीत आणायचं काम मी हौसेनं घेतलं होतं. सुरुवातीला मजा आली. पण चार-सहा महिन्यांनी वाक्यं लाकडासारखी व्हायला लागली. एकेक ओळ मी तीनदा लिहायचे आणि तीनदा खोडायचे. शेवटी नवरा म्हणाला, "आठ दिवस बेंबळीला जाऊन ये. वही नेऊ नको."

बेंबळीला माझ्या थोरल्या नणंदेचं घर. मी खरंच वही न घेता गेले. वन्संनी दोन दिवस काही विचारलं नाही. मी भरपूर झोपले, त्यांच्या शेळ्यांमागं बांधानं हिंडले. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाताना त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या तिकडल्या गोष्टीतली एक सांग की."

मी आठ पायांच्या कोळ्याची सांगितली. एका हावऱ्या कोळ्याला एकाच दिवशी दोन गावांतून जेवणाचं आवतण येतं. आधी कुठं वाढतील ते ठाऊक नाही. म्हणून तो कमरेला दोन दोर बांधतो, एकेक टोक एकेका गावात देतो आणि मधोमध उभा राहतो. पानं मांडली की ओढा, असं सांगून ठेवतो. दोन्हीकडं पंगत एकाच वेळी बसते, दोन्ही दोर ओढले जातात, आणि कोळ्याची कंबर बारीक होऊन बसते.

"कोणची गावं?" वन्संनी विचारलं.

"नावं नाहीत."

"नाव न्हाय तर गाव दिसंल कसं? एक ईट धर, एक येडशी."

"लई लांब होतंय की हो वन्सं."

"दोर लांब घिऊ." मग शेंग सोलता सोलता त्या थांबल्या. "आन त्याची बायको कुठं होती?"

गोष्टीत बायको नव्हतीच. वन्संना ते काही पटलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या, तेव्हा वन्संनी तीच गोष्ट त्यांना सांगितली. येडशीला लग्न होतं, ईटला बारसं. वन्संचा कोळी गावातल्या कुणासारखा तरी चालत होता. बायका ओळखून पदराआड हसत होत्या. शेवटी बायको येऊन दोर कापते, कमरेला हळद लावते आणि त्याला पिठलं-भाकरी वाढते. बरोबर आहे का, असं मला कुणी विचारलं नाही. कित्येक महिन्यांनी मी शब्द न शोधता नुसती ऐकत होते.

परतल्यावर काम पुन्हा सुरू झालं. बायको मी पुस्तकात घातली नाही. गोष्ट त्या लोकांची, मी तिच्यात भर घालणं बरं नव्हतं. पण प्रत्येक वाक्य आता वन्संना सांगतेय असं धरून आधी मोठ्यानं म्हणायचे, मगच लिहायचे. कोळ्याची झाली तशी त्यांना फोनवर वाचून दाखवली.

"झाक झाली," त्या म्हणाल्या. "पर जेवला का त्यो?"

"नाही जेवला."



"असू दे. तिकडं तसं असंल. माझ्याकडं जेवला."