पेटी नंबर सहा आणि चौथं गाणं

जूनचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. आमचा गोमती नगरमधला फ्लॅट, बाहेरची खोली.

हजर: मी. माझा धाकटा भाऊ, वय अठ्ठेचाळीस, आता याच शहरात बँकेत नोकरी. त्याची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आणि भावाचा कॉलेजपासूनचा मित्र, जो आज सगळीकडे गाजणाऱ्या एका रॉक बँडचा ड्रमर आहे. कोणी ओळखू नये म्हणून तो टोपी घालून आला होता. वॉचमनने ओळखलं नाहीच. हातातली यंत्राची बॅग बघून रजिस्टरमध्ये 'एसी रिपेअर' असं लिहून घेतलं.

गैरहजर: माझे यजमान, दौऱ्यावर.

टेबलावर ड्रमरने आणलेला कॅसेट डेक, त्याचा लॅपटॉप, एक पेन्सिल, मऊ कापड आणि अठ्ठावीस वर्षं माझ्या कपाटात राहिलेली एक कॅसेट.

या बँडचा पहिला गायक माझा भाऊ होता, हे आता फारसं कुणाला माहीत नाही. पहिली चार गाणी त्याच्या आवाजात आहेत. वडिलांच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या खोलीत, खिडक्यांना रजया लावून पोरांनी ती रेकॉर्ड केली. तीन हिंदी आणि चौथं मराठी. मराठी गाणं भावाने स्वतः लिहिलं होतं. बाकीचे तिघे इथलेच, हिंदी बोलणारे, त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. ते नुसते ताल धरून वाजवत. त्यामुळे त्या गाण्याचे शब्द दुसऱ्या कुणाच्या डोक्यात राहायचा प्रश्नच नव्हता. कागद हरवला, भावाला नोकरी लागून तो लहान गावी गेला, बँडने नवा गायक घेतला आणि पुढचं सगळं त्या गायकाच्या आवाजात झालं.

आता बँड सुरुवातीच्या गाण्यांचा संग्रह काढतो आहे. ड्रमरने बाकीच्यांना पटवलं होतं की चौथं गाणं पूर्ण मिळालं तर तेही घ्यायचं, भावाच्या नावासकट. सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. भाऊ फोनवर म्हणाला होता, "ठीक आहे, बघू." तो 'ठीक आहे' म्हणतो तेव्हा त्याला ती गोष्ट फार हवी असते. लहानपणापासून तसंच आहे.

एकच अडचण होती आणि ती फक्त मला माहीत होती.

त्या गाण्यांची ही एकुलती एक कॅसेट माझ्याकडे भावानेच दिली होती. "ताई, तुझ्याकडे काही हरवत नाही," असं म्हणून. पुसली जाऊ नये म्हणून तिच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी त्याने मोडली होती. ती मोडली की कॅसेटवर नवं काही रेकॉर्ड होत नाही. पुढे दोन महिन्यांनी यजमानांची झाशीला बदली झाली. सामान बांधताना माझी एक पद्धत होती. टेपरेकॉर्डर ओट्यावर चालू ठेवायचा, हातांनी पेट्या भरायच्या, तोंडाने यादी सांगायची आणि संध्याकाळी ऐकून वहीत उतरवायची. त्या दिवशी माझी कॅसेट मध्येच भरली. कपाटात हाताला लागली ती ही. रेकॉर्डचं बटण खाली जाईना. मी त्या मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली. बटण खाली गेलं.

वर भावाच्या अक्षरात बँडचं नाव लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. ट्रक संध्याकाळी यायचा होता, आणि गाणी काय, पोरं पुन्हा म्हणतील, असं मला वाटलं. संध्याकाळी यादी उतरवताना कुठल्या गाण्यावर माझा आवाज बसला ते कळलं. त्यानंतर भावाने दोनदा विचारलं, "कॅसेट आहे ना?" मी दोन्ही वेळा "आहे" म्हटलं.

शनिवारी सकाळी मी ती चिकटपट्टी सोलून काढली. डिंकाचा पिवळा डाग राहिला. कापडाने पुसला, गेला नाही.

"दीदी, एक ही बार चलाएँगे," ड्रमर म्हणाला. "पुरानी टेप है, टूट गई तो गई. सीधा लॅपटॉप में उतार लूँगा."

भावाने कॅसेट हातात घेतली आणि अंगठा कडेवरून फिरवला. "ही पट्टी मी मोडली होती. पेनाच्या टोकाने."

"हो."

"इथे चिकट काय लागलंय?"

"जुनं झालंय सगळं," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. सांगायचं असतं तर हीच वेळ होती. मी चहाचे कप उचलले.

पेन्सिलीने टेप ताणून घेतली, डेकमध्ये घातली. आधी नुसती खरखर. मग गिटार, आणि मग माझा वीस वर्षांचा भाऊ.

भाची सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. या बँडची नंतरची सगळी गाणी तिला पाठ आहेत. "पापा, ये आप हो? सच्ची?"

"नाही, शेजारचे काका," भाऊ म्हणाला.

"आवाज तो अच्छी थी यार. फिर क्या हुआ?"

"मग तू झालीस."

ड्रमर खो खो हसला. भाऊही हसला, पण त्याची नजर फिरणाऱ्या चकत्यांवर होती. दुसरं गाणं. तिसरं. डेकवरचे आकडे पुढे सरकत होते आणि मी ते वाचत होते. वहीतल्या त्या यादीच्या डोक्यावर मी टेपचा आकडाही लिहून ठेवला होता: २१२. एकशे नव्वदला तिसरं गाणं संपलं.

चौथं सुरू झालं. नुसता ढोलासारखा ड्रम, आणि त्यावर भाऊ:

गाव कुठलं विचारू नका,
सुट्टीपुरता तिथला मी.

भाची पाय खाली सोडून सरळ बसली. "ये मराठी है," ती हळूच म्हणाली. "पापा, हे तुम्ही लिहिलं?" तिने आपणहून मराठीत विचारलेलं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. भावाचे ओठ हलत होते. दोनशे चार. दोनशे आठ. पहिलं कडवं संपत आलं. मला वाटलं, आकडा चुकीचा लिहिला असेल. तसे माझे आकडे चुकत नाहीत.

खट्‌ आवाज झाला.

"पेटी नंबर सहा," माझा आवाज म्हणाला. "पोळपाट एक. लाटणी दोन. किसणी. पितळेचा डबा, झाकणासकट. परात मोठी, परात लहान."

भाचीला हसू फुटलं. मग तिने बापाकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. ड्रमरचा हात बटणाकडे गेला.

"चालू दे," भाऊ म्हणाला.

त्या यादीच्या मागे हातोडीचे ठोके होते आणि कुणीतरी गुणगुणत होतं. पेटीला खिळे ठोकायला त्या दिवशी भाऊच आला होता. तो तेच गाणं म्हणत होता, दुसरं कडवं. चाल कळत होती, शब्द ठोक्यांत बुडत होते. ड्रमर कान पुढे करून बसला. दोन ओळी गेल्या. तिसऱ्या ओळीला ठोके थांबले आणि आवाज स्वच्छ आला, एकच शब्द, 'खिडकीत'.

"अरे, सुतळी दे इकडे," टेपवरची मी म्हणाले. "आणि ते गाणं बंद कर बघू आधी. माझी मोजणी चुकतेय."

तो थांबला. पुढे नुसती यादी. चहाची गाळणी, खलबत्ता, दोन कळश्या. पेटी सहा संपून पेटी सात संपेपर्यंत आम्ही सगळे माझं सामान ऐकत होतो. मग पुन्हा खट्‌, आणि गाण्याची शेवटची ओळ, तीही अर्धी.

"मी चिकटपट्टी लावली होती," मी म्हटलं. "तुझी कॅसेट आहे हे माहीत असताना. काल काढून टाकली, तुला दिसू नये म्हणून."

भावाने डेकमधून कॅसेट काढली आणि अंगठा त्या डागावरून फिरवला. "खलबत्ता पोचला का झाशीला?" त्याने विचारलं.

"पोचला."

"बरं झालं. काहीतरी पोचलं."

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने कॅसेट डबीत घातली आणि ती डबी माझ्याकडे नाही, मुलीकडे दिली.

"सुन यार," ड्रमर म्हणाला, "पहला अंतरा तो पूरा है. दूसरा याद कर ले, कल गा दे. उसी घर में नहीं तो यहीं, रज़ाई लगाकर."

"दुसरं कडवं आठवत नाही मला."

"आप गा रहे थे, पापा," भाची म्हणाली. "आत्याने चुप कराया."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भावाने चपला घातल्या. दारात मी म्हटलं, "जेवून जा." तो म्हणाला, "नको ताई, आज नको." जिन्यावरून तिघांची पावलं उतरत गेली, सगळ्यात आधी त्याची.

आता सोमवार आहे, दुपारचा एक. सकाळपासून मी केलेली कामं: ड्रमरने पाठवलेली फाइल चार वेळा ऐकली. पहिलं कडवं लिहून काढलं. दुसऱ्या कडव्यासाठी चार ओळींची जागा सोडली आणि तिसऱ्या ओळीत 'खिडकीत' लिहिलं. आतल्या खोलीच्या खिडक्यांना दोन रजया लावल्या. ड्रमरला विचारलं, तो सहापर्यंत थांबतो म्हणाला. या सगळ्यांपुढे खुणा झाल्या आहेत.

एक काम राहिलं आहे. भावाला फोन करून गा म्हणायचं. नंबर दोनदा काढला. बँकेत आता जेवणाची सुट्टी असते, तो एकटाच असेल.