बेगडचा झुंबर

संभाजीनगरात सिडको ते क्रांती चौक या रस्त्यात जेवढे सिग्नल लागतात, तेवढ्यात झुंबरचा मेकअप पूर्ण व्हायचा. पहिल्या लाल दिव्याला उजव्या डोळ्यात काजळ, दुसऱ्याला डाव्या. तिसऱ्याला गालांवर सोनेरी रंग. पुढचा सिग्नल हिरवा मिळाला की स्वारी चिडायची, कारण ओठ राहिलेले असायचे! हे सगळं मोटारसायकलच्या आरशात बघून. शेजारच्या रिक्षातले लोक माना बाहेर काढून बघायचे आणि मागे मांडीवर कीबोर्ड घेऊन बसलेली मी मान खाली घालायचे. झुंबर मात्र त्या रिक्षावाल्यालाच विचारायचा, "काका, दोन्ही बाजू सारख्या झाल्या का, बघा बरं जरा."

आणि रिक्षावाले बघायचे हो! एकाने तर अगदी डोळे बारीक करून "लेफ्टकू थोडा कम है" असं सांगितलं होतं. ते खरंही होतं.

आमच्या बँडचं नाव 'बेगड'. गणपतीच्या मखराला चमचमता कागद लावतात ना, तो. नाव झुंबरनेच ठेवलं. गिटार वाजवणारा मंदार तेव्हा इंजिनिअरिंगला होता, त्याला ते अजिबात पटलं नाही. बेगडी म्हणजे खोटं, लोक हसतील, असं त्याचं म्हणणं. झुंबर म्हणाला, "गणपतीच्या मागं लावतेत तवा कोण हसतं रे?" विषय संपला. ड्रमवर रफिक होता. त्याच्या घरी तीन पिढ्यांचा लग्नाचा ब्रास बँड, त्यामुळे ताल त्याच्या हाडात होता. आणि कीबोर्डवर मी. आमच्या घरात आधी भिक्षुकी, मग कारकुनी, आणि संगीत म्हणजे पेटी! झुंबरचे सूर मी दुरुस्त करायचे म्हणून तो मला मास्तरीणबाई म्हणायचा. बँडमध्ये मुलगी मी एकटी आणि मेकअप न करणारीही मी एकटीच.

हे ग्लॅम रॉकचं खूळ मंदारच्या मोबाइलमधून आलं. त्याने एकदा जुन्या परदेशी गायकांचे व्हिडिओ दाखवले. उंच टाचांचे बूट, अंगभर चमकी, डोळ्यांभोवती रंग, आणि ही सगळी चांगली दणकट पुरुष मंडळी! झुंबर मोबाइल हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या मनातलं ह्यांना कुणी सांगितलं?" दुसऱ्याच दिवशी तो गुलमंडीच्या एका बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात हजर. दुकानदाराने सवयीने विचारलं, "वहिनींसाठी का?" झुंबर म्हणाला, "नाय, मलाच. ह्या रंगावर कोणती चमकी खुलंल ते सांगा." तो दुकानदार आधी गडबडला, पण पक्का धंदेवाला माणूस! त्याने पाच मिनिटांत काउंटरवर सहा डब्या मांडल्या आणि झुंबरच्या मनगटावर एकेक रंग लावून दाखवला. "अगदी झुंबर दिसताय!" असं दुकानदार म्हणाला आणि हे नाव त्याला तिथूनच चिकटलं. खरं नाव कंपनीच्या गेटपासवर तेवढं उरलं.

कंपनी वाळूजच्या एमआयडीसीतली. तो तिथे मशीनवर होता, शिफ्ट करून तालमीला यायचा. तालीम सिडकोतल्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत. रफिकने ड्रमवर काठी मारली की भिंतीतून पीठ उडायचं, झुंबरच्या अंगावरून चमकी उडायची, आणि घरी गेल्यावर आई मला विचारायची की नक्की कुठल्या क्लासला जातेस. आणि आमच्या शहरात नळाला पाणी रोज थोडंच येतं? आठवड्यातून एकदा आलं तर आलं. तोंड धुवायला अर्धा तांब्या मिळायचा आणि चमकी तेवढ्याने जाते होय? झुंबरच्या कानामागे, भुवयांत, नखांत ती कायम असायची. सुपरवायझरने एकदा एक पार्ट उजेडात धरला आणि विचारलं, "हे काय चमकतंय याच्यावर?" झुंबर म्हणाला, "साहेब, एक्स्पोर्ट क्वालिटी."

आमचं गाजलेलं गाणंही पाण्यानेच दिलं. तालीम अगदी रंगात आली होती आणि रफिकचा फोन वाजला. "पानी आ गया!" एवढं ओरडून तो काठ्या टाकून पळाला, कारण घरी मोटर लावणारा तोच. मंदार चिडला. झुंबर मात्र उभा राहून टाळ्या पिटायला लागला. "अरे, त्याचं तोंड बघितलं का? लॉटरी लागली तरी माणूस एवढा खूश होत नसतो! ह्याचंच गाणं करायचं." आणि आम्ही केलं.

"आलं आलं, पाणी आलं!
ऊठ गं बये, मोटर लाव!"

एवढंच धृपद. पण ते झुंबरच्या गळ्यातून आलं की अंगावर काटा यायचा. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पहिल्यांदा म्हटलं. तो टाचा आपटत पुढे आला, हात वर केला, आणि समोरच्या हजारभर पोरापोरींनी एका दमात ओरडून उत्तर दिलं, "मोटर लाव!" काय तो आवाज! मी कुठली पट्टी वाजवत होते ते मला आठवत नाही. त्या एका रात्रीत ते गाणं सगळ्या शहराच्या मोबाइलवर गेलं.

मग आम्हाला दिवस कमी पडायला लागले. गणपती, गॅदरिंग, हळदी, वाढदिवस! वैजापूरला एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या मुलीची हळद होती. गाणं ऐन भरात असताना मुलीचे मामा शाल, श्रीफळ आणि फेटा घेऊन स्टेजवर चढले. आपल्याकडे सत्कार म्हटला की देवालाही थांबावं लागतं. पण झुंबरचा नियम होता, गाणं मध्ये थांबवायचं नाही. त्याने गाता गाता मान वाकवून फेटा बांधून घेतला, शाल खांद्यावर घेऊन गिरकी मारली आणि नारळ रफिककडे फेकला. रफिकने तो झांजेवर आपटून असा फोडला की पाणी पहिल्या रांगेपर्यंत उडालं. मामा रागावतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. मामा नाचत होते!

अशा या बेधडक माणसाची एक गोष्ट मात्र मला समजत नसे. तो देवगाव रंगारीचा. सुट्टीला गावी निघाला की कसाबखेड्याच्या फाट्यावर उतरायचा, चहाच्या टपरीमागे खोबरेल तेलाने तोंड घासून घासून पुसायचा, साधा शर्ट घालायचा आणि मगच पुढची गाडी पकडायचा. गावात सांगितलं होतं की शिफ्ट संपली की तो साउंडवाल्याच्या हाताखाली काम करतो. आमचं गाणं गावातल्या पोरांच्या मोबाइलवर पोचलं होतं, पण त्या सोनेरी चेहऱ्यामागचा माणूस कुणाला ओळखू येत नव्हता. झुंबर त्यांच्याच बाकावर बसून तो व्हिडिओ बघायचा आणि वर म्हणायचा, "बरं गातंय बेनं!" आम्हाला हे सांगताना तो पोट धरून हसायचा.

एकदा मी विचारलंच, की सांगून का टाकत नाहीस? तो हसायचा थांबला. "मास्तरीणबाई, शहरात मी झुंबर हाय. गावात मी रंगनाथरावाचा पोरगा. बाप जाऊन सात वर्सं झाली, तरी तेच नाव चालतं. रंगनाथरावाचं पोरगं काजळ घालत नसतंय. मायला मान वर करून बाजारात फिरता आलं पायजे ना." मला फार वाईट वाटलं. एवढ्या गर्दीला दिपवणारा हा माणूस एका बाईला भीत होता, आणि ती त्याची आई होती.

मग पुण्याचं बोलावणं आलं. राज्यभरातले बँड येणार होते आणि त्यातून निवडलेल्यांना पुढे गावोगावी कार्यक्रम मिळणार होते. आम्ही जवळजवळ उडतच गेलो! दुपारी पोचलो तर संयोजक मॅडम अतिशय गोड बोलणाऱ्या. त्यांनी झुंबरचं सोनेरी जाकीट हातात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या पाण्याच्या गाण्यातली वेदना मला फार भिडली. पण हे चमचम कशाला? तुम्ही मराठवाड्याचे. तुमचा दुष्काळ, तुमची माती दिसू द्या ना. आम्ही धोतरं, बंड्या, घोंगड्या आणून ठेवल्यात."

झुंबर नम्रपणे म्हणाला, "मॅडम, त्या गाण्यात वेदना नाय. त्यात पाणी आलंय."

मॅडम हसल्या, पण त्यांना ते कळलं नाही. धोतर नेसलात तर निवड जवळपास नक्की, असं सुचवून त्या गेल्या. मंदारने लगेच घोंगडी उचलली. झुंबर म्हणाला, "माती घरी लई हाय. ती पुसूनच मी स्टेजवर चढतो. आपुन गरीब दिसलो तरच ह्यांना खरं वाटणार का? मी नाय नेसणार." बोलाचाली वाढली. मंदार काही वाईट मुलगा नव्हता, पण त्याला समोर सगळं दार उघडलेलं दिसत होतं. तो भडकला आणि बोलून गेला, "गावी जाताना फाट्यावर पुसतोसच की! तिथे पुसायला चालतं, मग इथे काय जातं तुझं?"

रफिकने खाली बघत धोतर उचललं आणि पुटपुटला, "मियाँ, बुरा मत मान. घर चलाना है." झुंबरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो आरशासमोर जाऊन बसला आणि त्याने काजळाची डबी उघडली. इतक्या सावकाश मेकअप करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळसारखं आम्ही कधीच वाजवलं नाही! दोघं धोतरात, मी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, आणि मध्ये झुंबर, नखशिखांत झळाळता. पुण्याच्या लोकांना नळाच्या मोटरचं काय, असं मला वाटत होतं. पण त्याने पहिलं "आलं आलं" म्हटलं आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. लोक उभे राहिले. मंदार सगळं भांडण विसरून धोतराचा सोगा खोचून झुंबरच्या पाठीला पाठ लावून वाजवत होता. रफिक दात ओठ खात बडवत होता. शेवटचा ठोका पडला तेव्हा आम्ही चौघंही रडत होतो, आणि का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आमची निवड झाली नाही. मॅडमनी मंदार आणि रफिकला दुसऱ्या गायकाबरोबर घ्यायची तयारी दाखवली आणि ते बोलणी करायला थांबले. बेगड तिथे संपला. त्यांचा तो धोतरातला बँड वर्षभर चालला. मग मंदार बंगळुरूला नोकरीला गेला आणि रफिक घरच्या ब्रास बँडमध्ये परतला. मी शाळेत संगीत शिकवते. झुंबर आता गावी शेती बघतो, आणि फोन केला की अजून पहिला प्रश्न विचारतो, "मास्तरीणबाई, सुरात हायस ना?" पण पुण्याहून परतीचा दिवस सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही.

सकाळच्या एसटीत तो मेकअप न पुसताच चढला. रात्रभरात रंग ओघळला होता, तरी सोनं ते सोनंच. कंडक्टरने तिकीट फाडत विचारलं, "कोणत्या नाटक कंपनीचे?" झुंबर म्हणाला, "माझ्याच." संभाजीनगरच्या स्टँडवर उतरून मी घरी जायला हवं होतं. पण तो देवगावच्या गाडीकडे वळला आणि माझेही पाय तिकडेच वळले. मला त्याला एकटं जाऊ द्यायचं नव्हतं.

फाटा आला. गाडी थांबली. झुंबरने पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. टपरी खिडकीतून स्पष्ट दिसत होती. कंडक्टरने घंटी दिली, गाडी निघाली, आणि झुंबर उतरला नव्हता!

गावात बाजाराचा दिवस. आम्ही स्टँडवर उतरलो आणि हॉटेलातल्या बाकावरचा एक पोरगा ताडकन उठला. "आरं, हा तर त्यो पाण्याचा!" आणि लगेच दुसरा, "आरं थांब! हा तर रंगनाथरावाचा हाय!" बातमी भाज्यांच्या पालांमधून सरकत गेली. माणसं भाव करायची थांबली. एका म्हाताऱ्याने चष्मा पुसून परत घातला. कुणी हसत नव्हतं, आणि झुंबर त्या वाटेतून उंच टाचांवर चालत होता. स्टेजवर वाघासारखा फिरणारा माणूस इथे एकेक पाऊल जपून टाकत होता.

कांद्याच्या ढिगाशी त्याची आई पिशवी भरत होती. तिने वर पाहिलं. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "माय, मी..." एवढंच.

ती उठली. त्याच्याकडे तिने वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "एवढा कामून घाबरलास? तू येऊन गेल्यावर उशीचे अभ्रे कोण धुतं, मीच ना? चार वर्सं झाली धुऊ लागले. जात नाय ती चमकी." आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिने त्याची हनुवटी धरली. मला वाटलं, आता ती सगळं पुसणार. पण तिने डोळ्याखाली ओघळलेलं तेवढं काजळ टिपलं, दुसऱ्या डोळ्याशी ताडून पाहिलं आणि म्हणाली, "हां. आता बरोबर झालं. चल, पिशवी धर."

त्याने पिशवी धरली. ती पुढे आणि तिच्यामागे तो, असे ते भर बाजारातून घराकडे निघाले. ती मध्येच मिरच्यांचा भाव विचारत होती.